हळर्णकरणीची दुकां

आमच्या भागात लग्न होऊन आलेल्या बाईचं पहिल्यांदा काय हरवत असेल तर नाव. माहेरचं नाव लग्नातच पुसतात. सासरचं नवीन नाव तांदळात अंगठीनं लिहितात, सगळे कौतुक करतात, आणि त्यानंतर ते नाव रेशनकार्डाशिवाय कुठंही दिसत नाही. चालतं ते तिसरंच, ती ज्या गावाहून आली त्या गावाचं. मयेहून आली ती मयेकरीण, साळहून आली ती साळकरीण. एकाच गावाहून दोघी आल्या तर एक थोरली आणि एक धाकटी. बाई माहेर सोडून येते आणि जन्मभर माहेरच्या गावाच्या नावानं हाका ऐकते. ही पद्धत ज्यानं सुरू केली तो एकतर फार दयाळू असावा किंवा फार आळशी. मला तो आळशीच वाटतो.

माझी काकी पेडणे तालुक्यातल्या हळर्णाहून आली होती, म्हणून ती हळर्णकरीण. आमचं गाव डिचोली तालुक्यात, मुळगावला लागून. आज हळर्ण म्हणजे मोटारसायकलनं तासाभराचं काम. पण काकी आली तेव्हा पोर्तुगीज राजवट होती, रस्ते नव्हते, मध्ये नदी होती, आणि नदीवर होडीवाल्याची मर्जी होती. सकाळी निघालेलं माणूस दुपार टळल्यावर पोचायचं.

गावाच्या वर सडा आहे. सडा म्हणजे कातळाचं पठार. आठ महिने ते काळंठिक्कर पडलेलं असतं आणि तिथं शेळीसुद्धा नाइलाजानं जाते. पण श्रावण सरता सरता त्या कातळावर जिथं जिथं पाणी झिरपतं तिथं एक जांभळट निळं फूल उगवतं. देठ दोऱ्याएवढा, फूल करंगळीच्या नखाएवढं. एकटं पाहिलं तर दिसतही नाही, पण उगवतं ते हजारोंनी, आणि कातळभर निळं पाणी सांडल्यासारखं दिसतं. देवाला वाहायला ते उपयोगाचं नाही, कारण उपटून घरी आणेपर्यंत मान टाकतं. केसात माळता येत नाही. गाय खात नाही. अशा बिनकामाच्या फुलाला नाव ठेवायला गावाला सवड मिळाली, आणि नाव ठेवलं ते माझ्या काकीच्या रडण्यावरून. हळर्णकरणीची दुकां. दुकां म्हणजे आसवं.

त्यामागची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. काकी लग्न होऊन आली तेव्हा चौदा वर्षांची होती. पहिल्याच चवथीला सासूनं तिला पावसाचिखलात एकटीला सड्यावर पिटाळलं, माटोळीचं सामान आणायला. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतो, ती माटोळी. तिचं सामान आणायचं काम पुरुषांचं. कोवळ्या सुनेला पाठवणं म्हणजे जाच. गुराख्यांनी पाहिलं, पोर तळीजवळच्या दगडावर बसून हमसून हमसून रडतेय. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या दगडाभोवती सगळं निळं झालेलं. त्यानंतरही दर चवथीला ती तिथं दिसायची. झालं, नाव पडलं.

ती जाच करणारी सासू म्हणजे माझी आजी.

म्हणजे दरवर्षी ते फूल उमललं की आमच्या घराची पंधरा दिवस बदनामी. मी शाळेत असताना पोरं मला थांबवून सांगायची, ‘तुज्या आजयेन काकीक कशी रडयली, सड्यार वचून पळय.’ वचून पळय म्हणजे जाऊन बघ. आजी कडक होती हे मला मान्य आहे. तिच्या हातचा रट्टा मी खाल्लेला आहे. पण तिच्या कडकपणाला वर्षातून एकदा मोहोर यावा आणि तो सगळ्या गावानं बघावा, हे मला फार लागायचं.

काकीनं मला लहानाचं मोठं केलं. आई आजारी असायची, आणि माझं जेवणखाण, ताप, अभ्यास हे सगळं काकीच्या वाट्याला आलं. इतकं करून तिनं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, या फुलाचं नाव. ते मीच तिच्याकडून काढून घेतलं होतं.

गोवा राज्य व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. कोकणी की मराठी, यावरून सगळीकडे रान पेटलं होतं. मी गावच्या मराठी प्राथमिक शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. वर्गात मुलांना ‘कुठे चाललास?’ शिकवायचो आणि घंटा झाली की त्याच मुलांवर ‘खंय चल्लो रे?’ म्हणून ओरडायचो. यात काही भानगड आहे हे आम्हांला सभांमधून कळलं. तोवर आम्ही बोलत होतो ते कोकणी का मराठी, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. काकीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आम्ही हळर्णाक असाच उलयतो.

पुढं रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या, माणसंही गेली. त्याची थट्टा करायची माझी इच्छा नाही. पण आमच्या गावापर्यंत भांडण पोचलं ते जरा रोडावूनच. एक बाजू देवळाच्या सभामंडपात बसायची, दुसरी चहाच्या दुकानात. भोंगा दोघांनाही एकच माणूस भाड्यानं द्यायचा, त्यामुळे सभा आळीपाळीनं व्हायच्या. माझा लहानपणापासूनचा दोस्त दुकानातल्या बाजूला होता आणि मी मंडपातल्या. आम्ही दिवसभर बोलायचो नाही आणि संध्याकाळी नदीवर गळ टाकून शेजारी बसायचो, कारण गळाला लावायची गांडुळं त्याच्याकडे होती.

मग राज्य झालं. पंचायतीनं ठरवलं, या आनंदाप्रीत्यर्थ स्मरणिका काढायची. कुठल्या भाषेत, यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी ठरलं, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कोकणी. मजकूर एकच. हेडमास्तरांनी मला ‘आमच्या गावची वनसंपदा’ हा विषय दिला. उजव्या पानावर तो कोकणीत करायचं काम माझ्या दोस्ताकडे आलं.

मी आंबा, फणस, किंदळ लिहिलं. माटोळीला लागणारी कवंडळाची फळं आणि हरणं नावाची पिवळी फुलं लिहिली. मग फुलाची पाळी आली आणि माझं पेन अडलं. आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तोंडातून गेलेलं वाऱ्यावर जातं, पण छापलेलं राहतं. पंचायतीच्या कपाटात आजी कायमची खाष्ट सासू होऊन राहणार, आणि तिला तिथं बसवणार तिचाच नातू. शाळेत माझ्याबरोबर कोल्हापूरकडचे एक गुरुजी होते. मी पेन तोंडात धरून बसलेला पाहून त्यांनी विचारलं, काय अडलंय? मी फुलाचं वर्णन केलं. ते म्हणाले, “अहो, याला आमच्याकडं सीतेची आसवं म्हणतात.”

बुडत्याला काडी सापडावी तसं मला झालं. मी लिहून टाकलं की या फुलाचं मूळ नाव सीतेची आसवं. गावात आणखीही एक नाव ऐकू येतं, पण ते अलीकडचं व अज्ञानातून आलेलं. इथपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मास्तर माणूस, हातात कागद आला की त्याला राहवत नाही. मी पुढं लिहिलं की वनवासात असताना सीतामाई आमच्या सड्यावर आली, थकून एका दगडावर बसली आणि अयोध्येच्या आठवणीनं रडली. दगडाचा पत्ताही दिला. तळीपासून वीस पावलांवर, मधोमध खोलगट असलेला. तिथला दुसरा कुठला दगड मला माहीत नव्हता. तो काकीचा दगड होता.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या फुलाबद्दल आणखी एक माहिती दिली होती. त्याच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते पाण्यातले किडे पकडून खातं. ही माहिती मी गाळली. सीतामाईची आसवं मांसाहारी निघाली असती तर पंचाईत झाली असती.

माझ्या दोस्तानं शब्दाला शब्द ठेवून सगळं कोकणीत केलं. सीतेचीं दुकां. समारंभाला दोन्ही बाजूंचे वक्ते आले. आमच्या बाजूचे म्हणाले, ज्या भूमीला सीतामाईचे पाय लागले तिचं रामायणाशी, म्हणजे पर्यायानं मराठीशी असलेलं नातं कोण तोडणार? टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूचे उठले आणि म्हणाले, सीता रडली ती कुठल्या भाषेत? नाव तुमच्यासमोर आहे. दुकां! त्यालाही टाळ्या पडल्या, आणि दोन्ही वेळा वाजवणारे हात बरेचसे तेच होते. तीन वर्षं कुठल्याही गोष्टीवर एकमत न झालेल्या गावाचं त्या दिवशी एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट मी आदल्या महिन्यात शाळेच्या मेजावर बसून रचलेली होती. मी छातीला कागदी फूल लावून दुसऱ्या रांगेत बसलो होतो. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

काकी बायकांच्या बाजूला बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण भोंग्यातून सगळं ऐकू गेलं.

घरी आलो तेव्हा ती चुलीपुढं होती. तिनं चहा माझ्यापुढं आदळला. चहात साखर नव्हती. आमच्या घरात शिक्षेची सुरुवात अशी व्हायची.

“रडलंय मी,” ती म्हणाली, “आनी नांव सीतेचां?”

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं माझ्या मनात आलं. मी तिला समजावायला बसलो. म्हटलं, काकी, तुझी थट्टाच व्हायची ना त्या नावानं? ती गेली. शिवाय आजीवरचा डागही गेला. तिनं तुला छळलं, सड्यावर पिटाळलं, ते आता कुणी बोलणार नाही.

काकी माझ्याकडे वळली. “कोण म्हणता तिनां माका पिटाळलां?”

“सगळा गाव म्हणतो.”

“गावान विचारलां खंय माका?”

मग चुलीतली लाकडं मागं ओढून ती पाटावर बसली आणि तिनं मला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेराहून वझं येतं. नारळ, फळं, करंज्या, लाडू, असं डोक्यावरून आणलेलं ओझं. काकीचा बाप हळर्णाहून ते घेऊन आला, ओसरीवर पाणी प्यायला, आणि होडी चुकेल म्हणून पोरीशी धड न बोलता परत फिरला. तिला रडू फुटलं. पण चवथीच्या घरात आसवं गाळायची नाहीत असा आमच्याकडे नेम आहे. देव यायच्या घरात रडणं म्हणजे अपशकुन. ती मागच्या दारी तोंडात पदर कोंबून उभी राहिली, आणि तिथं तिला आजीनं पाहिलं.

“मांय माका म्हणाली,” काकी सांगू लागली. मांय म्हणजे सासू, माझी आजी. “म्हणाली, ‘घरात रडूं नको. सड्यार जा. कोणी विचारल्यान तर सांग, हरणां हाडूंक चल्लंय माटोळीक. तळयेकडे बसूंक फातर आसा. थंयसून तुमचो दोंगर दिसता. पोटभर रड आनी मागीर ये.’ मी गेलंय. खरांच दिसता होतो आमचो दोंगर. न्हंयच्या पलतडीं, निळो निळो. रडलंय, रडलंय, आनी हरणां घेवन घरा इलंय.”

“मग दरवर्षी का पाठवायची तुला?”

“तिका बरां वाटायचां म्हणान. दोन-तीन वर्सांनी माका रडूंकच येयना. मी सांगलंय, मांय, आता रडूंक येणां नाय. तर म्हणाली, ‘रडूंक येणां नाय तर बसून ये.’”

मी विचारलं, हे तू कधी कुणाला सांगितलं का नाहीस? लोक आजीला इतकं बोलत होते.

“तिनांच सांगलेलां, सांगूं नको म्हणान,” काकी म्हणाली. “सगळ्यो सुनो सड्यार जावन बसल्यो तर चवथीचां रांधप कोण करतलो?”

माझ्या आजीनं जन्मात कुणाचे लाड केले असतील तर ते एवढेच, आणि त्याची खूण म्हणून ते नाव उरलं होतं. गावानं ती खूण उलटी वाचली. आणि आजीची अब्रू वाचवायला निघालेल्या नातवानं ती पार पुसून टाकली. मला इतकी लाज वाटली की मी तो बिनसाखरेचा चहा तसाच प्यायलो.

“माजां फूल माका परत दी, पुता,” काकी म्हणाली. “म्हातारी माणसां गेली की माका हळर्णकरीण म्हणूंक कोण उरतलां? आता सगळीं काकी, मामी म्हणतत. सड्यार तरी नांव ऱ्हावंदे.”

मी म्हटलं, देतो. मला वाटलं होतं, आठ दिवसांचं काम.

हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हटलं, स्मरणिकेला शुद्धिपत्रक जोडू या. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “गावाचं एका गोष्टीवर एकमत झालंय, ते तुम्हांला बघवत नाही का?” पंचायतीत गेलो. तिथं मला विचारण्यात आलं की सीतामाईला काढून तुमच्या काकीला घालायचं, असं लेखी देता का? मी लेखी दिलं नाही. दोस्ताकडे गेलो. तो म्हणाला, “मी फक्त भाषांतर केलां. मूळ पाप तुजां.” मग मी वर्गात मुलांना खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले आणि मास्तर देवाधर्माविरुद्ध शिकवतात अशी तक्रार करून गेले. त्यांच्या हातात पुरावा म्हणून स्मरणिका होती, माझा लेख उघडून.

लबाडी एकदाच करावी लागते, खरेपणा मात्र दारोदार हिंडून विकावा लागतो. मी चार दारं हिंडलो आणि थकलो. ग्रामसभेत उभं राहून, सगळ्यांसमोर, मी खोटं लिहिलं एवढं बोललो असतो तर कदाचित काम झालं असतं. पण मास्तरची नोकरी, नुकतं ठरलेलं लग्न, लोक काय म्हणतील, अशी दहा कारणं मी स्वतःला दिली. सगळी खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. मी भ्यालो.

दर चवथीला माटोळी बांधताना काकी विचारायची, “जालां?”

मी म्हणायचो, “बघूया, पुढच्या वर्षी.”

“बरां,” ती म्हणायची आणि कवंडळं पुढं करायची. दुसरी कुणी असती तर ती माझ्या डोक्यात घातली असती.

इकडे सड्यावर सीता चांगलीच स्थिरावली. आधी दगडावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. मग पणती आली. मग कुणाचा तरी नवस फळला आणि दगडाभोवती लाद्यांचा चौथरा झाला, त्यावर पाटी लागली. पाटी दोन्ही भाषांत होती, त्यामुळे तिच्यावरून वाद झाला नाही. भाद्रपदात बायका ओटी भरायला येऊ लागल्या. माहेरची ओढ लागलेल्या सुनेनं इथं नारळ ठेवला की मन शांत होतं, अशीही एक समजूत पुढं निघाली. ही मात्र मी लिहिलेली नव्हती. ती आपली आपणच उगवली.

खाणीही सरकत सरकत जवळ आल्या. सड्यापर्यंत ट्रकांचा रस्ता झाला. सावंतवाडीकडचे ड्रायव्हर जाता-येता दगडापुढं हॉर्न वाजवून नमस्कार करायचे. आमच्या सीतेला इतका मान अयोध्येतही मिळाला नसेल.

काकीचे गुडघे गेले आणि तिचं वर जाणं थांबलं. तिच्या बरोबरीच्या बायका एकेक करून कमी झाल्या. राज्याला दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा एका पावसाळ्यात मयेकरीण गेली. काकीला हळर्णकरीण म्हणून हाक मारणारी ती शेवटची. तिच्या घरून परतल्यावर काकी अंगणात पाय धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आता फकत सड्यार उरलां.”

सड्यावरही उरलं नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. त्या रात्री मी ठरवलं, आता पुरे, खरं काय ते सगळ्यांसमोर बोलायचं.

त्या वर्षी चवथीच्या दोन दिवस आधी तीच म्हणाली, माका वयर व्हर. मी तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि खाणीच्या रस्त्यानं वर नेलं. तांबडा चिखल दोघांच्या अंगावर उडाला. कातळ निळा झाला होता, नेहमीसारखा. चौथऱ्याजवळ पाच-सहा बायका होत्या, सगळ्या तिशीच्या आतल्या, हातात ओटीचं सामान. त्यांतल्या दोघी माझ्या विद्यार्थिनींच्या वहिन्या, बाकीच्या नव्यानं आलेल्या. काकी माझा हात सोडून सरळ गेली, चौथऱ्यावर चढली, तबक बाजूला सारलं आणि दगडावर बसली. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिला तो खळगा बरोबर सापडला.

बायका किंचाळल्याच. “आजी, ऊठ गे! सीतामाईची जागा ती!”

“सीतेक सांग, जरा सरक म्हणान,” काकी म्हणाली. “माजां बसून झालां की जातंय मी.”

हीच वेळ, असं मला वाटलं. मी पुढं झालो. म्हटलं, बायांनो, ही जागा सीतेची नाही. ही हळर्णकरीण. या दगडावर ही रडली म्हणून या फुलाला नाव पडलं, हळर्णकरणीची दुकां. सीतेचं मी खोटं लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांतली एक धीट होती, ती म्हणाली, “मास्तर, कितें सांगता? म्हजे मांयन माका सांगलां, सीतेचें हें पयलींसावन आसा. तिका तिचे मांयन सांगिल्लें.”

माझा लेख छापून जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात तो दोन सासवा जुना झाला होता. दुसरीनं मात्र म्हातारीची दया येऊन ओटीतल्या खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून काकीच्या हातावर ठेवला. “खा, आजी. म्हायारची याद येता कितें?”

काकी उत्तरेकडे बघत होती. तिकडे खाणीच्या मातीचा ढीग होता, कातळापासून आभाळापर्यंत, तांबडा, पावसानं ओघळलेला.

“हळर्ण खंय रे?” तिनं मला विचारलं.

“त्या ढिगाच्या मागं, काकी.”

मला वाटलं, आता रडेल. खरं तर मला वाटत होतं की तिनं रडावं, म्हणजे त्या बायका तरी बघतील. ती रडली नाही. खोबऱ्याचा तुकडा तिनं शांतपणे चावून चावून खाल्ला. मग उठायला माझ्याकडे हात केला.

“ऱ्हावंदे रे आता नांव सीतेचांच,” ती म्हणाली. “तिकाय हंयसून म्हायार दिसणां नाय.”